सुई स्थिर, संदेश डळमळीत

कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये हुगळीकाठी बांधलेलं पोलादी जहाज पाण्यात उतरतं, तेव्हा ते स्वतःच एक सौम्य चुंबक झालेलं असतं. बांधणीच्या वेळी नाळ जिकडे होती, त्या दिशेचा ठसा ठोकाठोकीत पोलादात उतरतो. म्हणून नवं जहाज एकेका दिशेला वळवून चुंबकीय होकायंत्र किती चुकतं ते पाहतात. मग खालच्या पेटीत छोटे चुंबक आणि दोन्ही बाजूंना लोखंडाचे गोळे बसवून चूक कमी करतात. उरलेली चूक कोष्टकात लिहून ठेवतात.

सूर्याकडून आलेलं चुंबकीय वादळ ही सुई हलवत नाही?

आपल्या अक्षांशांवर फारशी नाही. इथे वादळात प्रामुख्याने पृथ्वीचं उत्तरेकडचं आडवं बल घटतं, दिशा जवळपास तीच राहते. 2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत हे बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळलं, तरी ती घट मूळ बलाच्या पाच टक्क्यांच्या आतच होती. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यडागांपाशी लखलखाट पाहिला होता.

कुलाब्याच्या 1846 ते 1905 या काळातल्या नोंदी नानाभाई मूस यांनी 1910 मध्ये दोन खंडांत मांडल्या. विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव टाळण्यासाठी तोवर हे वेध अलिबागला हलवले होते. त्या स्थलांतरामुळेच मालिका आजवर अखंड राहिली. बरीच वर्षं सलग पाहिल्याशिवाय सूर्यडागांचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र वादळांत कसं दिसतं ते कळत नाही. डाग वाढले की वादळंही वाढतात, पण हिशेब तेवढा सरळ नाही. डाग ओसरतानाही सूर्याच्या प्रभामंडळातल्या विवरांतून वेगवान वारा सुटतो आणि सूर्याच्या फेरीबरोबर साधारण 27 दिवसांनी परत येतो.

गार्डन रीचच्या जहाजांना खरा धोका आहे तो उपग्रहांचे संदेश डळमळण्याचा. इथे बांधलेली ‘आयएनएस संधायक’ ही सर्वेक्षण नौका फेब्रुवारी 2024 मध्ये नौदलात आली. समुद्रतळाची खोली मोजताना नौका नेमकी कुठे आहे, हे उपग्रहच सांगतात. कोलकाता मात्र आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराच्या, विषुववृत्तीय दाट पट्ट्याखाली येतं. डाग भरात असलेल्या वर्षांत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर त्या थरात विरळ बुडबुडे उठतात आणि संदेश लुकलुकतो. वादळाच्या दिवशी ते कधी वाढतात, कधी दबतात. नेमका अंदाज अजून कठीणच आहे.

बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात अशा महिन्यांत रात्रीची मोजणी आखणाऱ्यांनी भरती-ओहोटीच्या कोष्टकाबरोबर सूर्यडागांचा आकडाही पाहून घ्यावा.