बर्फ नाही, झरे आहेत

जपानमधल्या नागानो प्रांतातलं नोझावा ओन्सेन हिवाळ्यात बर्फाखाली जातं, कारण सायबेरियाचे कोरडे वारे समुद्रावर बाष्प पिऊन डोंगरांवर आदळतात. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर हेच घडतं, फक्त बर्फाऐवजी पाऊस पडतो; गगनबावडा झोडपला जातो, पूर्वेकडच्या कोल्हापूर शहराच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. गरम पाण्याचे झरेही दूर नाहीत. आंबा घाट उतरून संगमेश्वर तालुक्यात गेलं की तुरळ, राजवाडी, आरवली; तर राजापूरजवळ उन्हाळे.

उणीव आहे ती मुक्कामाच्या व्यवस्थेची. नोझावातली 13 सार्वजनिक स्नानगृहं गावकरीच सांभाळतात. पाहुणे घरगुती निवासांत राहतात आणि स्नानगृहाच्या पेटीत ऐच्छिक रक्कम टाकतात. अशी व्यवस्था इथेही करता येईल. बर्फाच्या खेळांशिवाय इथे कोण येणार, असा आक्षेप निघेल. पण पन्हाळ्यावर आणि आंब्याला लोक भर पावसात जातातच. गर्दीने कुंडं घाण होतील, ही भीती अधिक खरी. तिच्यावर मोठं रिसॉर्ट हा उपाय नव्हे. अंग बाहेर धुऊनच कुंडात उतरायचं, साबण आत न्यायचा नाही, हा नियम गावानेच पाळायला लावला पाहिजे. उत्पन्नही मग गावातच राहील.