परक्या शहरातली प्रयोगशाळा

सोलापूरच्या सात रस्ता चौकात पहिल्यांदा आलेला माणूस बिचकतो. समोर रस्ते भरपूर, पण आपला कोणता, हे सांगणारा कुणीतरी भेटावा लागतो. देश सोडावा लागलेल्या शास्त्रज्ञाची अवस्था अशीच असते. हाती पदवी, डोक्यात संशोधन. पण परक्या विद्यापीठात ओळखीचे कुणी नाही. त्याला दार उघडून दिले तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या अगदी जवळचे आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसातला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होते. ज्यू असल्यामुळे त्यांना विद्यापीठात पुढे वाव नव्हता आणि धर्म बदलायची त्यांची तयारी नव्हती. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जीनिव्हा, मग पॅरिस. तिथल्या पाश्चर संस्थेत त्यांचे जुने गुरू मेचनिकोव्ह होते. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन ग्रंथालयात सहायक झाले आणि उरलेल्या वेळात प्रयोग करू लागले. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. लगेच पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसरसात ते प्लेगचे जंतू वाढवत. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतूंची वाढ थेंबांना लोंबकळत खाली उतरे. मग ते उष्णतेने मारले जात. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःवर तपासली. पुढे प्लेग मुंबईबाहेर पसरला, सोलापूरही त्यातून सुटले नाही. लसीची गरज तेव्हा गावोगावी होती. परळच्या ज्या प्रयोगशाळेत हे काम वाढले, तिला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले.

मधल्या काळात त्यांच्यावर पुन्हा संकट आले. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावात एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि काम सुटले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. त्यानंतर हाफकिन भारतात परतले, पण नेमणूक मिळाली ती कोलकात्यात. मुंबईतली जागा गेली ती गेलीच.

प्रत्येक वेळी दार उघडले जाईलच असे नाही. हिटलरच्या राजवटीत जागा गेलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून १९३५ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. रामन यांनी प्रयत्न करूनही त्यांना तिथे कायमची जागा मिळाली नाही. ते एडिनबर्गला गेले. १९५४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

आज अशा मदतीची घडी बसलेली आहे. १९३३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली संस्था आता ‘कारा’ नावाने काम करते. ‘स्कॉलर्स ॲट रिस्क’ संकटातील अभ्यासकांसाठी सदस्य विद्यापीठांत तात्पुरत्या जागा शोधते. जर्मनीच्या ‘फिलिप श्वार्ट्झ’ योजनेत तर अर्ज शास्त्रज्ञाने नव्हे, त्याला ठेवून घेणाऱ्या संस्थेने करायचा असतो.

म्हणजे पैशाइतकेच महत्त्व ‘हा माणूस आमच्याकडे येऊ दे’ असे लिहून देणाऱ्या विभागाला आहे. आपल्याकडचे प्राध्यापकही परदेशी संशोधकांसोबत शोधनिबंध लिहितात. त्यांतला एखादा अचानक बेघर झाला, तर त्याच्या कामाची खात्री देणारे पत्र, योग्य विभागाशी ओळख, पदव्यांच्या प्रती सुरक्षित ठेवणे एवढे तरी करता येते. संशोधनात पडलेला दोन-तीन वर्षांचा खंड पुढे भरून काढणे कठीण जाते. म्हणून कायमची जागा मिळेपर्यंत बसायला टेबल, ग्रंथालयाचा प्रवेश आणि प्रयोगशाळेचा एक कोपरा मिळाला, तरी काम तुटत नाही. हाफकिन यांना पॅरिसमध्ये मिळाले ते एवढेच होते.