जिन्यावरचे कार्पेट घासून साफ होत नाही

ब्रिटन-अमेरिकेतल्या घरांमध्ये जिना बहुधा लाकडी असतो आणि पुष्कळ घरांत त्याच्या प्रत्येक पायरीवर कार्पेट ताणून बसवलेले असते. महाराष्ट्रातून तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतही ते साफ करायची वेळ आली की हात आधी ताठ केसांच्या ब्रशाकडे जातो. त्यामागे जुनी सवय आहे. शहाबादी फरशीवर पाणी ओतायचे, खराट्याने घासायचे आणि सगळे मोरीकडे लोटायचे. फरशीसाठी ही रीत अगदी बरोबर आहे, कारण सुटलेला मळ वाहून जायला तिथे वाट असते. कार्पेटमध्ये ती नसते. ब्रशाने सुटलेला मळ लवेच्या, म्हणजे कार्पेटच्या उभ्या तंतूंच्या, बुडाशी जातो, पाणी खालच्या अंडरलेत, म्हणजे कार्पेटखालच्या मऊ थरात, आणि लाकडात मुरते. म्हणून जिन्यासाठी साधन पारखताना ते किती जोरात घासते यापेक्षा आत गेलेले किती बाहेर काढते हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

ताठ ब्रशानेच खरी सफाई होते, हा या बाबतीतला सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. कापलेल्या लवेचा एक झुपका भिंगाखाली धरला तर त्यात धागे एकमेकांत पिळलेले दिसतात. हा पीळ बहुतेक कृत्रिम धाग्यांत कारखान्यातच उष्णता देऊन पक्का केलेला असतो, आणि तो टिकून असतो तोवर झुपका उभा राहतो. ताठ ब्रश जोरात गोल फिरवला की टोकाचा पीळ सुटतो, तंतू पिंजल्यासारखे पसरतात आणि तेवढ्या जागेवर प्रकाश वेगळा पडतो. मूळ डाग गेला तरी तिथे एक अंधूक ठिपका कायम राहतो, आणि दुर्दैवाने तोही डागच समजून आणखी घासला जातो. लोकरीचे कार्पेट असेल तर ओलेपणी तिची ताकद आणखी घटलेली असते. कृत्रिम धाग्यांपैकी पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंश सेल्सियसलाच वितळते. जड कपाट ओढले तरी घर्षणाच्या उष्णतेने त्यावर चकाकणारा ओरखडा उमटू शकतो, मग ड्रिलला जोडलेला गोल ब्रश त्यावर फिरवण्याची जोखीम कशाला घ्यायची? लूपच्या, म्हणजे न कापलेल्या फाशांच्या, कार्पेटमध्ये तर एक फासा अडकून उसवला की पुढचे फासेही ओळीने सुटत जातात. ब्रश हवाच असेल तर मऊ केसांचा घ्यावा, आणि त्याचे काम साबण लवेत पसरवण्यापुरतेच ठेवावे.

मुळात कार्पेटमधला बहुतांश मळ कोरडा असतो: बुटांबरोबर आलेली बारीक रेती, माती, त्वचेचे कण, केस, धागे. तो कोरडा असतानाच ओढून काढणे सोपे, कारण पाणी पडले की त्याचा चिखल होतो. म्हणजे जिन्याचे पहिले साधन व्हॅक्यूमच. पण कोणता? जास्त वॅटचा व्हॅक्यूम जास्त ओढतो, असे समजून मोठे यंत्र घेतले जाते. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते त्याचे माप. कचरा किती निघतो हे हवेचा प्रवाह, तोंडाची रचना आणि फिल्टर यांवर ठरते. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूमवर २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी चांगली यंत्रे कार्पेट पूर्वीसारखीच साफ करत राहिली. जिन्यावर खरी अडचण जागेची असते. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत पायरीची खोली किमान १० इंच, इंग्लंडच्या नियमांत घरगुती जिन्यासाठी किमान २२० मिलिमीटर. उभ्या व्हॅक्यूमचे रुंद तोंड तिथे नीट बसत नाही, आणि पायरीच्या उभ्या भागाला व कोपऱ्याला तर ते पोचतच नाही. लांब नळी, वीतभर रुंदीचे फिरत्या ब्रशाचे छोटे तोंड आणि फटीसाठी चपटी नळी, एवढे असले की काम भागते. लूपच्या कार्पेटवर तो फिरता ब्रश बंद ठेवावा. कुत्र्या-मांजराचे केस लवेत अडकून बसले असतील तर रबरी दात्यांचा हातब्रश स्वतःकडे ओढावा. व्हॅक्यूमला न आलेले केस तो गोळा करून देतो. यंत्र वरच्या पायरीवर तोलून ठेवू नये, ते जिन्याच्या पायथ्याशीच बरे.

ओल्या सफाईत ‘स्टीम’ या नावाने बराच गोंधळ होतो. कार्पेटची स्टीम क्लीनिंग म्हणून जी सेवा मिळते, तिच्यात सहसा वाफ नसते. गरम पाणी फवारून लगेच ओढून घेतात. गुण त्या ओढून घेण्यात आहे. पाणी आत राहिले तर सुकताना ते लवेच्या टोकाकडे चढते, बुडाचा मळ सोबत आणते, आणि गेलेला डाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसतो. उरलेला साबण चिकट राहून नवी धूळ धरतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की फेस येतो खरा, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे मुख्यतः खारट पाणी उरते. पाणी फवारून ओढून घेणारे यंत्र प्रत्येकाला परवडेल असे नाही, ही अडचण रास्त आहे. मग फवाऱ्याची बाटली आणि जाड पांढरे सुती फडके घ्यावे, साबणाला दहा मिनिटे काम करू द्यावे, आणि तळहातावर अंगाचा भार टाकून टिपावे. फडके ओले यायचे थांबेपर्यंत घड्या बदलत राहावे, मग साध्या पाण्याने तेच पुन्हा करावे. रंगीत फडक्याचा रंग उतरू शकतो म्हणून पांढरे.

यावर एक आक्षेप उरतो: पायरीच्या कडेची काळपट पट्टी घासल्याशिवाय जाईल कशी? कडेवर लव ताणलेली असते आणि प्रत्येक पाऊल तिथेच घासते, त्यामुळे तंतूंचा पृष्ठभाग झिजतो आणि स्वच्छ असूनही निस्तेज दिसतो. ती झीज कुठल्याही ब्रशाने भरून येत नाही. भिंतीलगतच्या सांध्यातली काळी रेघ वेगळी. तिथल्या फटीतून हवा जाते आणि कार्पेटची कड गाळणीसारखी काजळी व बारीक धूळ धरून ठेवते. घासल्याने ती आणखी आत जाते. चपटी नळी नियमित फिरवली तर ती साचायलाच वेळ लागतो. झिजेवर मात्र एक जुना उपाय आहे. जिथे मधोमध कार्पेटची पट्टी धातूच्या दांड्यांनी धरलेली असे, तिथे ती थोडी जास्त लांब घेऊन जादा भाग एका टोकाला दुमडून ठेवत. अधूनमधून पट्टी काही इंच सरकवली की कडेवर नवा भाग येई. आजही दांड्यांनी बसवलेल्या पट्टीला हे करता येते.