हंगाम थांबत नाही

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला, की अमेरिकेत घरोघरी थँक्सगिव्हिंगची पंगत बसते. दूरदूरची मुले-नातवंडे घरी येतात, टर्की भाजली जाते, लाल भोपळ्याचे गोडधोड होते. दुसऱ्या दिवशी सारा देश खरेदीला बाहेर पडतो. त्या शुक्रवारची गर्दी मुख्यतः बड्या दुकानांत. गल्लीतल्या दुकानदाराचीही आठवण राहावी म्हणून २०१० साली अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीने पुढचा शनिवार छोट्या व्यावसायिकांच्या नावे केला. तिथून नाताळपर्यंतचे दिवस म्हणजे त्यांची दिवाळीच. खेळणी, भेटवस्तू विकणाऱ्याला याच दिवसांत वर्षाची बेगमी करायची असते.

अमेरिका म्हणजे बड्या कंपन्यांचा देश, असे आपल्याला वाटते. पण तिथले खासगी क्षेत्रातले जवळजवळ निम्मे नोकरदार पाचशेहून कमी माणसांच्या व्यवसायांत काम करतात.

बँकेत कर्जखाती सांभाळताना एक गोष्ट मनावर ठसली. दुकानदाराला महाग कर्ज एकवेळ परवडते, उशिरा मिळालेले परवडत नाही. दिवाळीच्या मालासाठी मागितलेली उचल तुळशीच्या लग्नाला मंजूर झाली, तर तिचे करायचे काय?

वॉशिंग्टनच्या राजकारणाला दुकानदाराचे हे पंचांग ठाऊक नसते. अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक खेळणी चीनमध्ये बनतात आणि नाताळसाठीची मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागते. नेमक्या त्याच सुमारास, एप्रिल २०२५ मध्ये, अध्यक्ष ट्रम्प यांनी चिनी मालावरचा नवा आयातकर १४५ टक्क्यांवर नेला आणि मे महिन्यात तो ३० टक्क्यांवर आणला. शंभर डॉलरच्या मालावर १४५ डॉलर कर, तोही माल विकण्याआधी! हा कर चीन भरत नाही, माल मागवणारा अमेरिकी व्यापारी भरतो. बड्यांकडे गोदामे असतात, वकील असतात, पुरवठादाराकडून भाव पाडून घेण्याची ताकद असते. छोट्याकडे असते ते तुटपुंजे खेळते भांडवल. एप्रिलमध्ये माल मागवावा की मेची वाट पाहावी, हा त्याला जुगारच.

मग कर्ज काढावे, तर तिथेही राजकारण आडवे. १९५३ साली स्थापन झालेली तिथली लघुउद्योग प्रशासन ही सरकारी संस्था बँकांनी छोट्या व्यावसायिकांना दिलेल्या कर्जांना हमी देते. साधारणपणे लहान कर्जाला ८५ टक्के, मोठ्याला ७५ टक्के. पण खर्चाच्या मंजुरीवरून संसदेत भांडण जुंपले, की सरकारी कामकाज ठप्प होते आणि नवी हमीही थांबते. २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस असे झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तर ४३ दिवस! म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. हमी नाही, म्हणून कर्ज अडले.

लोकशाहीत भांडणे व्हायचीच. कर वाढवावा की नाही, यावरही दोन मते असू शकतात. पण वाढवायचाच तर तो आधी सांगून, पुढच्या हंगामापासून लावावा. कामकाज बंद पडले, तरी हमीची खिडकी उघडी ठेवावी. यात कुठल्याच पक्षाची हार नाही.

राजकारण्यांना तारीख पुढे ढकलता येते. नाताळ मात्र २५ डिसेंबरलाच येतो आणि २६ डिसेंबरला उरलेला माल निम्म्या किमतीत काढावा लागतो.