सफारीचं नाक किती वर करायचं?

'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण तुम्हाला शाळेतच माहीत झाली असेल. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मला 'टॉर्शन' आधी कळलं आणि 'पीळ' नंतर, तोही ईटच्या एका गॅरेजमधल्या मिस्त्रीकाकांकडून. "ताई, हा बार म्हणजे पिळलेला दांडा. पीळ गेला की गाडी बसली," असं ते म्हणाले. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचं एक अख्खं युनिट त्यांनी एका वाक्यात संपवलं! फक्त म्हणीत आणि पोलादात एक फरक आहे. पोलादाचा पीळ वर्षानुवर्षं थोडा थोडा जातो.

१९९८ साली आलेल्या जुन्या टाटा सफारीला पुढे कॉइल स्प्रिंग नसते. चेसिसला समांतर असे दोन लांब पोलादी दांडे असतात. दांड्याचं पुढचं टोक चाकाच्या खालच्या आर्मला जोडलेलं, मागचं टोक चेसिसच्या आडव्या पट्टीत एका छोट्या दांडीने अडकवलेलं, आणि त्या दांडीखाली एक बोल्ट. चाक वर उचललं की दांडा पिळतो आणि चाकाला परत खाली ढकलतो. टोयोटा क्वालिसलाही पुढे असाच बार होता. ही कल्पना फार जुनी आहे. सित्रोएनने १९३४ च्या गाडीतच ती वापरली होती.

आता थोडं गणित. सोयीसाठी दांडा २५ मिमी जाड, ११०० मिमी लांब आणि आर्म ३५० मिमी धरू. असा दांडा एक अंश पिळायला साधारण ४९ न्यूटन-मीटर लागतात. चाकावर ४५० किलो भार असेल तर दांडा सुमारे ३२ अंश पिळून तोलला जातो. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणजे २५ ऐवजी २३ मिमीचा दांडा घेतला तर ताकद जवळजवळ २८ टक्क्यांनी कमी!

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. बोल्ट आवळला की 'बार टाइट होतो' असं सगळे म्हणतात. तसं होत नाही. गाडीचं वजन तेवढंच, आर्म तेवढाच, म्हणून उभ्या गाडीत पीळही तेवढाच, ३२ अंश. बोल्टने फक्त मागचं टोक फिरतं, त्याबरोबर आर्म खाली झुकतो आणि गाडी वर येते. स्प्रिंग एक पैसाही कडक झालेली नसते.

मग आवळल्यावर गाडी उडते का? कारण चाकाला वर-खाली जायला एकूण जागा ठरलेली असते. समजा, उभ्या गाडीत चाक अजून ७० मिमी खाली जाऊ शकतं. गाडी ५० मिमी वर घेतली तर उरले २० मिमी. मग खड्डा आला की चाक खाली पोचतच नाही, आर्म रबरी स्टॉपरवर खट्कन आदळतो, आणि टायरची रस्त्यावरची पकड त्या क्षणी सुटते. ब्रेक दाबलेला असताना किंवा वळणावर असं झालं तर काय, ते सांगायला नको. शिवाय ५० मिमीसाठी मागचं टोक ८ अंश फिरवावं लागतं. म्हणजे चाक पूर्ण वर दाबलं जाईल तेव्हा बारमध्ये आधीपेक्षा ८ अंश जास्त पीळ. बारवर पान्याचा ओरखडा असेल तर भेग तिथूनच सुरू होणार.

माझ्या मामांची सफारी २००६ ची. ईट भूम तालुक्यात, आणि हा भाग खव्याचा, त्यामुळे गाडीत दुधाचे कॅन असतातच. शेतरस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एवढ्या खोल होतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. मामांचं म्हणणं, "आवळ बोल्ट, घे दोन इंच वर." त्याच गाडीतून आजीला दवाखान्यात न्यायचं, हे त्यांना आठवण करून द्यावं लागलं.

आम्ही आधी मोजलं. सपाट फरशीवर, चारही टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर झिजलेला टायर फसवतो. वर्कशॉप मॅन्युअलच्या मापापेक्षा उजवी बाजू ३२ मिमी खाली होती, डावी २०. म्हणजे दोन इंच 'वाढवायचे' नव्हतेच, जेमतेम सव्वा इंच हरवलेलं परत आणायचं होतं! त्याआधी आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट तपासले. उजवे बुश पार गेलेले होते, ते बदलल्याशिवाय बोल्टला हात लावण्यात अर्थ नव्हता. शेतरस्त्यावर मामांनी दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, आणि तो उपाय माझ्या मते कुठल्याही बोल्टपेक्षा स्वस्त.

काम असं करायचं. पुढची दोन्ही चाकं अधांतरी, चेसिस भक्कम स्टँडवर. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. बोल्ट आणि चेसिस यांवर रंगाची खूण करायची, आट्यांना ग्रीस लावायचं, आणि फेऱ्या मोजत फिरवायचं. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, कारण चाक लोंबकळत असलं तरी बारमध्ये पीळ शिल्लक असतो. गाडी खाली घेतल्यावर लगेच मोजू नका. टायर जमिनीला अडकून बसलेले असतात, म्हणून पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकला, मग मोजा. दोन्ही बाजूंत फार फरक ठेवायचा नाही. बार काढलाच तर डावा-उजवा अदलाबदल करू नका, दोन्हींना कारखान्यात उलट दिशेचा पीळ दिलेला असतो. ब्रेकचा रबरी पाइप चाक लोंबकळताना ताणला जात नाही ना, आणि शॉकअप पुरेसा लांब आहे ना, तेही बघायचं. फोर बाय फोर असेल तर पुढच्या शाफ्टच्या सांध्यांचे कोन आणि रबरी टोप्यासुद्धा.

उंची बदलली की चाकाचे कोन बदलतात, म्हणून व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी. नाहीतर नवे टायर एका कडेने घासून जातात.

आणि हेडलाइट! सफारीचा व्हीलबेस २६५० मिमी. पुढून २५ मिमी उचललं तर ५० मीटरवर प्रकाश जवळजवळ अर्धा मीटर वर जातो, म्हणजे समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत. मागे दुधाचे कॅन भरले की आणखी वर. भिंतीवर खूण करून, नेहमीचा माल भरूनच हेडलाइट लावावे.

मूळ मापाच्या वर जायची हौस असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. मूळ माप परत आणणं ही दुरुस्ती, त्याला हरकत नाही. साधारण ५०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा टेप काढा, कारण नवे बुश बसतात आणि माप दोन-तीन मिमी सरकतं.