चीनला ठाऊक असलेला ‘वॉल्टर’

वेलिमिर ऊर्फ बाता झिवोयिनोविच. जन्म १९३३, सर्बियातल्या कोराचित्सा गावात; मृत्यू २०१६, बेलग्रेडमध्ये. सिनेमा आणि टीव्ही मिळून तीनशेच्या वर भूमिका. त्यातल्या बऱ्याच हातात बंदूक आणि कपाळाला आठी अशा, त्यामुळे ‘पार्टिझन’ (दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढणारे युगोस्लाव्ह गनिम) युद्धपटांचा नायक हा शिक्का बसला तो बसलाच. खरं तर अलेक्सांदर पेत्रोविचच्या ‘त्री’ (१९६५) मधला त्याचा जवळजवळ अबोल मिलोश पाहावा. तीन प्रसंग, तीन मृत्यू, आणि प्रत्येक वेळी तो चेहरा वेगळा. हा चित्रपट ऑस्कर नामांकनापर्यंत गेला.

पण नाव झालं ते हायरुदिन क्रव्हावात्सच्या ‘वॉल्टर डिफेंड्स सारायेवो’ने (१९७२). त्यातला वॉल्टर, जर्मनांना हवा असलेला भूमिगत नेता, म्हणजे बाताच. त्यातला चौक विसरता येत नाही. मारल्या गेलेल्या तरुणांची प्रेतं रांगेत ठेवलेली. घरच्यांनी यावं आणि ओळख पटवावी, असा जर्मनांचा सापळा. मुलगी गमावलेला घड्याळजी पुढे पाऊल टाकतो आणि त्याच्यासोबत अख्खी गर्दी सरकते. आता गोळ्या झाडायच्या तरी कुणावर?

सत्तरच्या दशकात परदेशी सिनेमा मोजकाच दिसणाऱ्या चीनमध्ये हा चित्रपट कोट्यवधींनी पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. तिथे पुढे ‘वॉल्टर’ नावाची बिअरही निघाली, बाटलीवर बाताचा चेहरा! घरच्या मतदारांवर मात्र ही जादू चालली नाही: २००२ मध्ये सर्बियाच्या अध्यक्षपदासाठी तो उभा राहिला आणि पडला.