उपग्रहीय धूरनिरीक्षण

वणवे किंवा शेतातील काडीकचरा जाळल्याने उठणारा धूर कृत्रिम उपग्रहांवरील संवेदकांच्या साहाय्याने शोधणे, मोजणे व त्याच्या प्रवासाची नोंद ठेवणे, यास उपग्रहीय धूरनिरीक्षण म्हणतात. भारतात या पद्धतीची सर्वाधिक चर्चा पंजाब व हरियाणातील भाताचा पेंढा (तेथील शब्द 'पराली') जाळण्याच्या संदर्भात होते.

पार्श्वभूमी

भूजलाचा उपसा रोखण्यासाठी पंजाबात २००९ साली कायदा होऊन १० जूनपूर्वी भातलावणी करण्यास मनाई झाली. परिणामी कापणी पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास जेमतेम दोन-तीन आठवडे उरू लागले. यंत्राने कापलेल्या शेतात धसकटे उभी राहतात व पेंढा विखुरतो. तो हटविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे काडी लावणे. वायव्येकडील वारे हा धूर दिल्लीपर्यंत नेतात.

कार्यपद्धती

आग व धूर या दोहोंचे निरीक्षण वेगवेगळ्या रीतीने होते. तापलेली वस्तू सुमारे ४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात उत्सर्जित करते. त्यामुळे चित्रबिंदूच्या अगदी लहान भागात आग असली तरी तो बिंदू शेजारच्या बिंदूंहून उठून दिसतो. 'टेरा' व 'ॲक्वा' या उपग्रहांवरील मोडिस संवेदकाचा असा बिंदू १ किलोमीटरचा, तर 'सुओमी एनपीपी'वरील व्हीआयआयआरएस संवेदकाचा ३७५ मीटरचा असतो. धुराचे प्रमाण मात्र हवेतील सूक्ष्मकण सूर्यप्रकाश किती अडवितात व विखुरतात, यावरून काढले जाते.

निरीक्षणाच्या वेळेचा प्रश्न

नवी दिल्लीतील भारतीय कृषी अनुसंधान संस्था दरवर्षी १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळातील आगींची गणना करते. त्यानुसार पंजाबात २०२१ साली ७१,३०४ आगी नोंदल्या गेल्या. २०२४ साली हा आकडा १०,९०९ होता. ही घट डोळ्यांत भरणारी आहे, परंतु ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. ॲक्वा व सुओमी एनपीपी हे उपग्रह ध्रुवीय कक्षेतून फिरतात; सुओमी एनपीपीची दिवसाची फेरी दुपारी दीडच्या सुमारास होते, ॲक्वाचीही पूर्वी त्याच सुमारास होत असे. शेतातील आग थोड्याच वेळात विझते. चार वाजता पेटविलेले शेत त्यांच्या दृष्टीस पडतच नाही.

नासाशी संबंधित शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी २०२४ साली दक्षिण कोरियाच्या 'जिओ-कॉम्पसॅट-२ए' या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून, जाळण्याची वेळ दुपारनंतर सरकल्याचे निदर्शनास आणले. हा उपग्रह दर १० मिनिटांनी चित्र घेतो, म्हणून धुराचे लोट केव्हा उठले हे त्यात दिसते. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. नोंद झालेल्या शेतकऱ्यास दंड होतो, पंजाबात त्याच्या महसुली दप्तरात 'लाल नोंद' होते आणि शासनाच्या उपाययोजनांचे यशही याच आकड्यांवरून सांगितले जाते. गणना अपुरी असेल, तर दुपारी जाळणारा पकडला जातो व संध्याकाळी जाळणारा सुटतो.

भूस्थिर उपग्रहांनाही मर्यादा आहेतच. ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने त्यांचे चित्रबिंदू मोठे असतात. भारताच्या 'इन्सॅट-३डी'चा अवरक्त चित्रबिंदू ४ किलोमीटरचा आहे. एखाद-दोन एकरांतील आग त्यात हरवू शकते. यासाठी जळून काळ्या पडलेल्या जमिनीचे क्षेत्रफळ मोजणे अधिक भरवशाचे ठरते, कारण तो डाग आग विझल्यावरही काही दिवस राहतो. युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहाची १० मीटर तपशिलाची चित्रे या कामी येतात. मात्र शेत लगेच नांगरले गेल्यास हा पुरावाही पुसला जातो.

धुराच्या मोजमापातील अडचणी

उपग्रह जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या संपूर्ण स्तंभातील कण एकत्रित मोजतो. त्यांतील किती कण श्वासाच्या उंचीवर आहेत, हे त्यावरून थेट कळत नाही. नोव्हेंबरात गंगेच्या मैदानावर धुके दाटते तेव्हा दाट धुराचा थरही ढग समजून वगळला जाण्याचा संभव असतो. म्हणून उपग्रहीय नोंदी जमिनीवरील केंद्रांच्या मापनाशी पडताळून पाहिल्या जातात. अशी केंद्रे प्रामुख्याने शहरांत आहेत, शेते पेटतात त्या गावांत ती विरळ आहेत.